कॅप्टनचं सोंग

“मिशी कंची लावू, सर? पीळ दिल्याली का कातरल्याली?”

बिराजदार सरांनी आधी केबिनचं दार नीट लागलंय का ते बघितलं. “जोतीअण्णा, जरा हळू बोला की. खऱ्या कॅप्टनला असते तशी लावा.”

“खऱ्याला कसली बी असती. लोकांला पिळाची आवडती.”

“मग पिळाची लावा,” सर म्हणाले आणि त्यांनी शिपायाला हाक मारून दुसरा चहा सांगितला.

जोतिराम खूश झाला. मुख्याध्यापकाच्या केबिनमध्ये, टॉवेल टाकलेल्या खुर्चीवर बसून दुसरा चहा घ्यायची वेळ बहुरूप्याच्या आयुष्यात रोज येत नाही. त्याला चहा मिळायचा तो उंबऱ्याबाहेर, आणि तोही लोकांना हसवून झाल्यावर. सोंगं घेऊन पोट भरणाऱ्या घरात त्याचा जन्म झाला होता. त्याचा बाप, येडू, फौजदार व्हायचा, चुलता तलाठी व्हायचा. जोतिरामनं तरुणपणी बापाचाच फौजदार पुढं चालवला. मग एका गावात पोरं पळवणारा समजून लोकांनी त्याला झोडपलं, ठाण्यातल्या साहेबांनी पुन्हा खाकी घालायची नाही म्हणून दम भरला, तेव्हापासून खाकी पेटीत गेली आणि त्यानं मिलिटरीचा कॅप्टन काढला. हिरवा शर्ट, हिरवी पँट, तिरकी टोपी आणि छातीवर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली पत्र्याची पदकं. नव्या पेठेतल्या साडीच्या दुकानात तो बूट आपटत शिरायचा. “ह्या दुकानात बायकूला भिणारे किती हायती? समद्यास्नी बॉर्डरवर धाडायचा हुकूम आलाय. तितं दुश्मन समोरनं तरी येतो.” मालक हसायचा, नोकर हसायचे, साडी बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

हसणं झालं की जोतिराम मिशी उतरवायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, “बहुरूपी हाय धनी, सोंग सपलं, राग धरू नका.” मगच पुढं केलेला पैसा घ्यायचा. मिशी उतरवल्याशिवाय घेतलेला दाणा चोरीचा, हे येडूनं त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. येडूचं बाकी काही फार शिकण्यासारखं नव्हतं, दारू तर मुळीच नाही. पण एवढं एक जोतिरामनं जपलं होतं.

बिराजदार सर अक्कलकोटकडच्या खेड्यातले. लहानपणी येडू-जोतिरामची जोडी गावात आली की हा नागप्पा हातात काठीची बंदूक घेऊन त्यांच्यामागं शेवटच्या घरापर्यंत फिरायचा. पुढं तो शिकला, सोलापुरात विजापूर रोडकडच्या एका शाळेत मास्तर झाला आणि मुख्याध्यापकही झाला. जोतिराम नातीला, राजनंदिनीला, घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला तेव्हा पोरीकडं ना जन्माचा दाखला होता ना जातीचा. भटकणाऱ्यांच्या पोरी कुठल्याही पालात जन्मतात, त्याची नोंद कोण ठेवणार? दोन शाळांनी हाकलून दिलं होतं. सरांनी मात्र कानडीतून “बर्री, बर्री”, या या, म्हणून आत घेतलं आणि “कागदाचं मी बघतो” म्हणाले. राजनंदिनी आता सहावीत होती. कागदाचं अजून काही झालं नव्हतं, पण सर होते तोवर जोतिरामला त्याची फिकीर नव्हती. हा माणूस त्याला देवाच्या जागी होता.

म्हणून आज सरांनी काम सांगितल्यावर त्याला नाही म्हणता येईना. शाळेच्या चेअरमनांनी यंदा सगळ्या पोरांना दर शनिवारी घालायला मिलिटरीचा ड्रेस काढला होता. हिरव्या-करड्या चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, पँट, टोपी. कापडाचे तागे येऊन ड्रेस शिवून वाटूनही झाले, आणि मग पालक कुरकुरायला लागले. उद्या शनिवारी पालकसभा होती. एक रिटायर्ड कॅप्टन येऊन बोलणार होते, ते ऐनवेळी पुण्याला निघून गेले.

“एक नर्स आहे,” सर म्हणाले. “नवरा तिचा मिलिटरीत. ती उलट बोलायला लागली की सगळे तिच्यामागं जातात. तिच्यासमोर मिलिटरीतल्याच माणसानं सांगितलं, की विषय संपला. दहा मिनिटांचं काम आहे, अण्णा.”

“सर, पर आमची राजनंदिनी तितंच रांगेत आसंल. तिला म्या शबूद दिलाय, शाळंत सोंग घिऊन येणार न्हाय म्हणून.”

“तुम्ही कुठं सोंग घेऊन दारोदार फिरणार आहात? स्टेजवर बसणार आहात. चेअरमन तुम्हाला हार घालणार आहेत. आणि राजनंदिनीचं पुढचं दहावीपर्यंत मी बघतो, हे काय तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे?” सरांनी आवाज आणखी खाली आणला. “फक्त कुणाजवळ बोलायचं नाही.”

“सोंगाआधी कोन सांगतं व्हय?” जोतिराम हसला.

सरही हसले. सोंग घेतलं की ते शेवटी उतरवायचं, हे जोतिरामला कुणी सांगावं लागत नव्हतं. ते न उतरवता माणूस सरळ घरी जाऊ शकतो, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सभा झाली की मिशी काढू, पालक पोट धरून हसतील, चेअरमनही हसतील, सर म्हणतील कशी गंमत केली. त्याच्या मनात सगळं असं ठरून गेलं होतं.

घरी राजनंदिनी आपल्या ड्रेसला इस्त्री करत होती. शेजारणीकडून आणलेली इस्त्री होती आणि ती कॉलरवर पुन्हा पुन्हा फिरत होती.

“आगं, जळंल ते,” केराबाई म्हणाली. केराबाई म्हणजे जोतिरामची बायको. पोरीचे आई-बाप मोटरसायकलवर प्लास्टिकच्या बादल्या घेऊन गावोगाव हिंडायचे, त्यामुळं पोरगी आजीआजोबांच्याच अंगावर वाढली होती.

“आज्जी, ह्यात आमी सगळ्याजणी सारख्या दिसतो,” राजनंदिनी म्हणाली. “टोपी घातल्यावर तर मागून कोण कोणती तेच कळत नाही. ऋतुजा मला प्रेरणा समजली.”

बाकीचे पाच दिवस तिचा निळा स्कर्ट इतरांच्या स्कर्टपेक्षा फिका दिसायचा, कारण तो आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता. हा ड्रेस सगळ्यांना एकाच ताग्यातून मिळाला होता. पोरीला तो फार आवडला होता. जोतिराम पेटीजवळ बसून पदकांवर राख घासत राहिला.

“आप्पा, उद्या कुठं चाललाय?” तिनं विचारलं.

“हिकडंच. बाजारात.”

“शाळेकडं येऊ नका.”

“न्हाय येत,” जोतिराम म्हणाला. केराबाईनं त्याच्याकडं रोखून बघितलं. पोरगी बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “तिला खोटं सांगून जाताव व्हय?”

“सरांचं काम हाय. त्यांनी आपल्यासाठी किती केलंय.”

“केलंय की. म्हणून तर म्हनती. त्या शाळंत तिला मैत्रिणी हायत्या. तुमी जाऊन तितं दात काढून दावनार, आनि त्या हिच्यावर दात काढनार.”

“आगं, स्टेजवर बशिवणार हायती मला. हार घालणार हायती.” हे सांगताना त्याचा आवाज जरा उंच झाला, आणि केराबाईला काय ते कळलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात पोरं वर्गवार उभी होती. बालवाडीपासून दहावीपर्यंत सगळं चट्ट्यापट्ट्यांचं जंगल उभं होतं. बालवाडीतल्या एकाची पँट सारखी घसरत होती आणि तो एका हातानं ती धरून दुसऱ्या हातानं सलाम ठोकत होता. पालक मांडवाखाली बसले होते. जोतिराम मोठ्या फाटकातून आत आला तेव्हा फाटकावरच्या वॉचमननं त्याला टाचा जुळवून सलाम केला. हाच वॉचमन मागच्या वर्षी त्याला हुसकवायला काठी घेऊन आला होता.

चेअरमननं हार घातला. बिराजदार सर माइकवर म्हणाले, “आपल्या भाग्यानं आज निवृत्त कॅप्टन जे. वाय. शिंदे साहेब इथं लाभले आहेत.” टाळ्या झाल्या. जोतिराम उठला आणि त्यानं पालकांना असा सलाम केला की मागच्या रांगेतले दोन म्हातारे नकळत उभे राहिले. काम तो चोख करत होता, यात शंका नाही. फक्त सहावीच्या रांगेकडं त्यानं बघितलं नाही.

आधी पालक बोलले. एक रिक्षावाला म्हणाला, “आमची पोरं घरात कुणाचं ऐकत नाहीत. ह्या ड्रेसनं वळण लागत असेल तर लागू द्या की.” एकानं खर्चाची तक्रार केली, चेअरमननं हातानंच त्याला बसवलं. मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. अंगावर नर्सचा पांढरा कोट तसाच होता, रात्रपाळी करून थेट आली असावी.

“मी बुद्धप्रिया. दुसरीतल्या धम्मदीपची आई,” ती म्हणाली. “माझे मिस्टर हवालदार आहेत, उत्तरेत पोस्टिंग आहे. सुट्टीवर आले की ते दारातच आधी कपडे बदलतात, मग पोराला जवळ घेतात. टोपीसुद्धा त्याच्या हातात देत नाहीत. ही खेळायची वस्तू नाही, म्हणतात. आणि आता शाळाच त्याला हे घालायला सांगते. ड्रेस आल्यापासून आमच्या गल्लीतला खेळच बदललाय. शेजारचा इरफान माझ्या मुलाच्याच वयाचा. त्याला रोज दुश्मन व्हावं लागतं. काल सगळ्यांनी मिळून त्याला पकडलं, हात मागं बांधले, आणि तो रडत घरी गेला. त्याची आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.”

मांडवात कुजबुज झाली. बिराजदार सरांनी जोतिरामकडं बघितलं.

बुद्धप्रियाही त्याच्याकडंच बघत होती. “सर, तुम्ही हे कपडे आयुष्यभर घातलेत. तुम्हीच सांगा, एवढ्या लहान पोरांना हे घालावं का? तुम्ही हो म्हणालात तर मी गप्प बसते.”

जोतिराम माइकपाशी गेला. सरांनी लिहून दिलेलं त्यानं पाठ केलं होतं आणि पाठांतरात तो कधी चुकत नसे. भाषाही तो त्या त्या सोंगाची बोलायचा. “भगिनी,” तो म्हणाला, “अंगावर वर्दी आली की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. खेळ हा खेळ असतो, मुलं आज भांडतात, उद्या एक होतात. पण शिस्त लहानपणी लागली नाही तर पुढं लागत नाही. मी तीस वर्षं देशाची सेवा केली, त्या अनुभवावरून सांगतो, या शाळेनं घेतलेला निर्णय योग्य आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. रिक्षावाला तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. बुद्धप्रिया म्हणाली, “ठीक आहे सर. तुम्ही म्हणता तर असेल.”

इथवर सगळं ठरल्याप्रमाणं झालं. बाई खाली बसली असती तर चहाच्या वेळी मिशी उतरली असती आणि कदाचित हसण्यावारीही गेलं असतं. पण ती बसली नाही. दुसरीच्या रांगेतून पोराचा हात धरून ती स्टेजजवळ आली. “धम्मदीप, साहेबांना नमस्कार कर. पप्पांसारखे आहेत ते,” म्हणत तिनं पोराला पुढं केलं आणि स्वतः जोतिरामच्या बुटांकडं वाकली.

जोतिराम दोन पावलं मागं सरला. लोकांनी त्याच्या झोळीत पैसे टाकले होते, भाकरी टाकली होती, शिव्याही टाकल्या होत्या. नवरा सीमेवर असलेल्या बाईनं पायांशी वाकावं, असं कुठल्याच सोंगात बसत नव्हतं. तिनं आपलं म्हणणं मागं घेतलं होतं ते त्याच्या शब्दाखातर, आणि तो शब्द त्याचा नव्हताच.

“ताई, वाकू नगा,” तो म्हणाला. माइक चालूच होता. “म्या मिलिटरीतला न्हाय. बहुरूपी हाय म्या.” त्यानं मिशी ओढून काढली, ओठावर लाल वळ उठला. त्यानं हात जोडले. “सोंग सपलं, राग धरू नका.”

आणि तो हसण्याची वाट बघत थांबला.

कुणी हसलं नाही. बालवाडीतली दोन-चार पोरं खिदळली, बाईंनी त्यांना गप्प केलं.

“मग आत्ता बोललात ते?” बुद्धप्रियानं विचारलं.

“तेबी सोंगच, ताई.”

तिनं पोराला स्वतःकडं ओढून घेतलं. ती रागावली नाही, त्याच्याकडं नुसती बघत राहिली. जोतिरामला वाटलं, आता सर उठतील, खांद्यावर हात ठेवतील, काहीतरी सांगून निभावून नेतील. शिकलेल्या माणसाला शब्द सुचतात. सर उठलेही. त्यांनी चेअरमनच्या तोंडाकडं बघितलं आणि माइक हातात घेतला.

“पालकहो, शाळेची फसवणूक झालेली आहे. या इसमानं आम्हाला रिटायर्ड कॅप्टन असल्याचं सांगितलं. आम्ही विश्वास ठेवला.”

“सर?” जोतिराम म्हणाला. “आवो, काल तुमीच तर मला…”

“मी या माणसाला ओळखत नाही,” बिराजदार सर माइकवर म्हणाले. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. काठीची बंदूक घेऊन मागं धावणारा नागप्पा जोतिरामला त्या तोंडात कुठंच सापडेना. गावकऱ्यांनी झोडपलं होतं तेव्हाही त्याला इतकं लागलं नव्हतं. ते लोक परके होते.

मग गलका झाला. मघाचा रिक्षावाला सगळ्यांच्या आधी स्टेजवर चढला, मघा त्यानंच उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, त्याची भरपाई त्याला करायची होती. “सैन्याचा ड्रेस घालून फिरणं गुन्हा आहे. काढ तो,” तो ओरडला. हिरव्या टोप्या घातलेली सगळी शाळा समोर उभी होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. कुणीतरी पदकं ओढली, त्यांच्याबरोबर खिसाही फाटला. जोतिरामनं स्वतःच शर्ट काढला. फाटक्या गंजीफ्रॉकवर गळ्यातला हार तेवढा राहिला होता, तोही त्यानं काढून खुर्चीवर ठेवला.

“पोलिसांना बोलवायचं का?” चेअरमननं विचारलं. सर काही बोलायच्या आत मांडवातून एक बाई म्हणाली, “थांबा. ऋतुजा, तू मला दाखवलं होतंस ना? राजनंदिनीच्या घरासमोर? हाच तो माणूस. तिचे आजोबा हे.”

सहावीच्या रांगेतल्या टोप्या एकदम एका मुलीकडं वळल्या.

चेअरमन सरांकडं वळले. “आपल्या शाळेतली मुलगी आहे? मग तिनंच आणलं असेल याला. कुणी घेतलं तिला?”

सरांचा चेहरा उतरला. ते एक शब्द बोलले असते तरी पुरला असता. पण त्यांनी माइक उचलला आणि शाळेत रोज बोलायचे त्याच गोड आवाजात म्हणाले, “राजनंदिनी, पुढं ये बाळ. घाबरू नकोस. हे तुझे कोण?”

ती रांगेतून बाहेर आली. कॉलर कडक होती, टोपी नीट बसवलेली होती. ती स्टेजच्या पायरीपाशी थांबली आणि तिनं आजोबाकडं एकदाच बघितलं. आप्पा बाजारात जातो म्हणाला होता. तिच्या नजरेत भीती होती, पण त्याहून जास्त दुसरंच काही होतं, आणि जोतिरामनं ते ओळखलं. मघाशी सरांकडं बघताना ते त्याच्याच डोळ्यांत होतं.

“माझे कुणी नाहीत,” राजनंदिनी म्हणाली.

ऋतुजाची आई पुन्हा उठायला लागली. “अगं, खोटं कशाला…”

“पोरगी खरं बोलती, बाई,” जोतिराम मध्येच म्हणाला. त्यानं खाली पडलेली टोपी उचलून झटकली. आवाज साफ होता, मंगळवेढ्याकडच्या माणसाचा हेल त्यानं त्यात बरोबर आणला होता. “म्या मंगळवेढ्याकडला. काल एसटीनं आलोय. तुमची वळखायला चूक झाली आसंल. हितं माझं कुणी न्हाय.”

“खरं?” चेअरमननं विचारलं.

“खरं, धनी.” त्यानं हात जोडले आणि तोंडावरची एक रेघ हलू दिली नाही.

सरांनी श्वास सोडला. त्यांनी राजनंदिनीला जागेवर जायला सांगितलं. ती वळली, रांगेत परत गेली आणि इतर पोरींसारखी समोर बघत उभी राहिली. जोतिराम शर्ट बगलेत घेऊन पायऱ्या उतरला. फाटकाकडं जायची वाट सहावीच्या रांगेपुढूनच होती. तिच्याकडं न बघता तो तिच्यासमोरून चालत गेला.